वहिनी, त्या चतुर्थीला तुम्ही जेवलात का?

वहिनी,

लोक तुमच्याबद्दल फारच चांगलं बोलतायत, आणि त्यामुळेच मला संशय यायला लागलाय. कालपरवापर्यंत ज्या बायका ‘कुमुदची जीभ म्हणजे विळी’ म्हणायच्या, त्याच आता आपल्या बैठकीत पदर डोळ्यांना लावून सांगतात, की इतकं गोड माणूस पुन्हा होणे नाही. गोड? तुम्ही? रक्तातली साखर सोडली तर तुमच्यात गोड काय होतं? आणि उठून जाताना प्रत्येकीचं पालुपद एकच, “चतुर्थी पदरात पाडून गेल्या हो. पुण्यवान.”

मी मान डोलावते आणि कप उचलते. पण ते वाक्य मला भातातल्या खड्यासारखं दाताखाली येतं. कारण ती चतुर्थी तुम्ही केलीत की नाही हेच मला कळत नव्हतं, आणि ते कळून घेण्याची जबाबदारी या घरात माझ्यावर होती.

तुम्हाला पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा तसं सगळं संपलेलंच होतं. तरी तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते केलं. मग बाहेर येऊन चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “कल इन्होंने कुछ खाया था? व्रत-उपवास तो नहीं था?” दादांनी, तुमच्या यजमानांनी, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या धाकट्या भावाने, अजयने, माझ्या स्वतःच्या नवऱ्याने, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दिन में खाया कि नहीं, पता नहीं.” डॉक्टर म्हणाले की हार्टचं काही सांगता येत नाही, खाल्लं असतं तरी झालं असतं, नसतं तरी झालं असतं. ते आत निघून गेले. पण दादा आणि अजय माझ्याकडे बघतच राहिले होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तुमच्याबद्दल दुःख नंतर वाटलं, आधी राग आला. म्हटलं, केलंत ना शेवटी मनासारखं? मला तोंडघशी पाडलंत ना?

संशय घेणं हा माझा धंदाच आहे, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. सांवेर रोडच्या कारखान्यात मी व्हॉल्व्हचे पार्ट तपासते. मापाचा गेज आत गेला तर माल पास, नाही गेला तर बाजूला. पार्ट बनवणारा माणूस किती भला आहे हे गेजला कळत नाही आणि विचारायचंही नसतं. ही सवय घेऊन मी सांगलीहून जुन्या इंदूरच्या या गल्लीत, तुमच्या स्वयंपाकघरात आले. आल्या आल्या माझ्या नजरेत आले ते तुमचे उपवास.

किती उपवास हो ते! संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्र. वर चातुर्मासाचा वेगळा नेम. एका चातुर्मासात तर तुम्ही पोहे सोडलेत. इंदूरमध्ये राहून पोहे सोडणं म्हणजे माशाने पाणी सोडण्यासारखं, पण तुम्ही सोडलेत, आणि सकाळी आम्ही सगळे जिरावन मसाला भुरभुरून पोहे खात असताना समोर बसून शांतपणे भाकरी मोडत राहिलात. मला वाटायचं, हा आम्हाला टोमणा आहे. आणखीही एक वाटायचं, ते आज सांगते. मी या घरात आल्यावर तुमचे उपवास वाढले, कारण माझ्या हातचं जेवायचं नव्हतं तुम्हाला. माझ्या पोळीवर मुलांना भूगोल शिकवता येईल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

मग मी तुमच्या फराळावर डोळा ठेवायला लागले. फराळ तरी कसला, इथे तर उपवासाचा वेगळा बाजारच आहे. फरियाली मिक्स्चर, फरियाली चिप्स, वर लिंबू पिळलेली साबुदाण्याची खिचडी, थंडीत तळलेला गराडूचा कंद, आणि घरी मोरधनाचा भात. आमच्याकडे याला भगर म्हणतात. नाव बदललं तरी पोट भरतंच. मी एकदा मोठ्याने म्हटलंही, “एकादशी आणि दुप्पट खाशी.” तुम्ही पातेल्यातली खिचडी हलवत म्हणालात, “दुप्पट तर दुप्पट. तू का मोजून राहिली? तुझ्या फॅक्टरीचा माल आहे का हा?”

पहिल्याच वर्षीची ती संकष्टी आठवते? माहेरून आणलेलं कॅलेंडर मी स्वयंपाकघरात टांगलं होतं. रात्री घरी आले तर तुमचं नैवेद्याचं ताट होऊन गेलेलं आणि तुम्ही खुशाल मोदक खात बसलेल्या. मी कॅलेंडर बघितलं. चंद्रोदयाला अजून दहा मिनिटं होती. इतक्या दिवसांनी चोर सापडला! मी दादांच्या देखत जाहीर केलं, “वहिनी, अजून चंद्र उगवायचाय.” तुम्ही हातातला मोदक खाली ठेवलात, माझं मनगट धरलंत आणि मला गच्चीवर नेलंत. शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चंद्र येऊन बसला होता. “त्याला तुमच्या कॅलेंडरची परमिशन लागते काय गं?” तुम्ही म्हणालात. कॅलेंडरात वेळ मुंबईची छापलेली होती. इंदूर मुंबईच्या पूर्वेला आहे, आपल्याकडे तो आधी दिसतो, हे मला, इंजिनीयर बाईला, सुचलंच नव्हतं. खाली येऊन तुम्ही उरलेला मोदक खाल्लात आणि दुसरा माझ्या हातावर ठेवलात. संशय माझा गेला नाही, तेवढा दिवस गप्प बसला.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, उपवासाने माणसाला शिस्त लागते हे सगळं सांगायला ठीक आहे, पण मग ही शिस्त बायकांनाच का लागते? दादांची संकष्टी म्हणजे खिचडी अधिक रोजचं जेवण. अजयची तर तीही नाही. बायकांनी उपाशी राहायचं आणि पुण्य घरभर वाटायचं, हा कसला हिशेब? तुम्ही इतर बायकांसारखं ‘असं बोलू नये’ म्हणाला नाहीत. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि हळूच म्हणालात, “मी कोणासाठी नाही करत गं. दादांसाठी पण नाही. माझ्यासाठी करते. कोणाला बोलू नको, लोक म्हणतील मतलबी आहे.”

“तुमच्यासाठी म्हणजे?”

“म्हणजे बघ. रोज सकाळी हात डब्यात जातो, आपण शेव तोंडात टाकतो. भूक आहे की नाही, कोण विचारतं? चतुर्थीला पण हात जातो. डब्याच्या झाकणापर्यंत जातो. आणि तिथे अचानक याद येते, अरे, आज नाही. बस, तेवढंच. तो हात जो थांबतो ना, त्याच्यासाठी करते मी. बाकी खिचडी-विचडी सगळा टाइमपास आहे.”

“मग थांबायला देव कशाला पाहिजे? मी कारखान्यात रोज थांबते.”

“तू दुसऱ्याचा माल बघून थांबते,” तुम्ही म्हणालात. “स्वतःचा हात थांबवून दाखव.”

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. उपवासाच्या दिवशी चिडचिड करणाऱ्या, मोलकरणीवर ओरडणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी वजन बघणाऱ्या बायका मी याच गल्लीत बघितल्यात. ज्यांचा हात थांबतो पण जीभ थांबत नाही, त्यांच्या संयमाचं मी काय करू? आणि वहिनी, त्यात तुम्ही पहिल्या होतात. चतुर्थीच्या दिवशी रिकाम्या पोटी तुमची विळी जास्तच चालायची. मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, “तुमचा गणपती तुम्हाला खाण्याचं वळण लावतो, बोलण्याचं नाही.” त्यावर तुम्ही म्हणालात, “हे मात्र तू सही बोलली.” नंतर तुम्ही पीठ चाळायला घेतलंत. मी जिंकले असं समजून मीही विसरून गेले.

मग तुमची ती चक्कर आली. डायबेटिस होताच, गोळ्या चालू होत्या, तरी तुम्ही कुणाला न जुमानता संकष्टी धरायचात. एका चतुर्थीला दुपारी तुम्ही ओट्याजवळ कोसळलात. साखर खाली गेली होती. नशिबाने रविवार होता, मी घरात होते, तुमच्या दातांमध्ये गूळ कोंबला. डॉक्टरांनी तुम्हाला असं झापलं की तुमची मान वर होईना. उपवास बंद. एकही नाही. दादांनी तुम्हाला देवघरासमोर उभं करून कबूल करून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “शिल्पा, हिच्यावर लक्ष ठेवायचं काम तुझं. तुझ्या नजरेतून सुटत नाही काही.”

बघा कसं उलटं झालं. आधी मला संशय होता की तुम्ही उपवासाला चोरून खाता. आता संशय होता की तुम्ही चोरून उपवास करता.

मी ते काम मन लावून केलं. संकष्टीला कारखान्यातून आले की आधी पोळ्यांचा डबा उघडायचा. पोळ्या कमी झालेल्या असायच्या. पण पोळ्या काय, गाईलाही घालता येतात. मोरधनाची बरणी किती खाली गेली ते बघायचं. ती हललेली नसायची, म्हणजे फराळही नाही, मग हा कडकडीतच धरला असणार. “जेवलात?” विचारलं की तुम्ही फक्त मान हलवायचात. सुट्टीच्या दिवशी संकष्टी आली तर तुम्ही माझ्यासमोर बसून जेवायचात, सावकाश, एकेक घास चावून. ते तर मला सगळ्यात संशयास्पद वाटायचं. आरोपी इतका व्यवस्थित कधी वागतो का?

पण माझा मोठा पुरावा दुसराच होता. त्या दिवशी तुम्ही गप्प असायचात. एरवी पोळीला नावं ठेवणारी बाई, माझ्या ओट्यावरच्या पसाऱ्यावर कीर्तन करणारी बाई, चतुर्थीला सकाळपासून ओठ मिटून बसायची. मी भाजी करपवली तरी नाही. दूध उतू गेलं तरी नाही. तुम्ही दुधाकडे बघायचात, माझ्याकडे बघायचात, फडकं घ्यायचात आणि पुसायला लागायचात. मला घाम फुटायचा. बोलायला त्राण नाही, म्हणजे साखर उतरतेय! मी बिस्किट पुढे करायचे. “खा. माझ्यासमोर खा. तोंड उघडा.” लहान पोरीसारखं. तुम्ही ओठ आणखी घट्ट मिटायचात, नाकाने श्वास घ्यायचात, बिस्किट घ्यायचात, खायचात, आणि तरी गप्प.

आणि रात्री चंद्र बघून गच्चीवरून खाली आलात की सुरू! “इकडे ये. सकाळी दूध कोणी ठेवलं होतं गॅसवर? आणि ते बिस्किट तोंडात कोंबून राहिली होती, मी काय बच्ची आहे? आणि ती भाजी, ती भाजी होती की कोळसा?” श्वास न घेता. जेवण होईपर्यंत माझी दिवसभराची सगळी पापं धुऊन निघायची. मी अजयकडे बघून डोळे मिचकावायचे. चंद्र दिसला, पोटात अन्न गेलं, जोर आला. सिद्ध झालं. बाई दिवसभर उपाशी होती.

माझ्या हाताखालच्या पोरीने असा पुरावा आणला असता, तर मीही तो पास केला असता.

शेवटच्या चतुर्थीला कारखान्यात ऑडिट होतं. सकाळी निघताना मी गिलकी चिरून ठेवली, भाजी तुम्ही करणार होतात. तुमच्या इंदुरीत मीही घोसाळ्याला गिलकीच म्हणायला लागले आहे, बघा. दुपारी वेळ काढून मी फोन केला. उचलला नाहीत. परत केला, परत नाही. ऑडिटवाले समोर बसलेले आणि मी टेबलाखाली फोन लावतेय. घरी आले ती पेटलेलीच. दादा आणि अजय दोघंही बैठकीत होते. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, “वहिनी, तुम्ही खोटं बोलता. देवासमोर शब्द दिलात आणि देवासाठीच तो मोडता. उद्या काही झालं तर जबाब मला द्यावा लागेल.”

तुमचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता विळी बाहेर येणार. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, परत उघडलंत. “आत्ता नाही,” तुम्ही म्हणालात. “मग बोलू.” आणि जिन्याकडे गेलात.

मी दमले होते. दोन घास खाल्ले आणि आडवी झाले, लगेच डोळा लागला. चंद्र अजून उगवलाही नव्हता.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे, किंवा नाही. मी पोळ्यांचा डबा बघितला, बरणी बघितली, घरात माणसं भरलेली असताना कचऱ्याची पिशवीसुद्धा उघडून बघितली. लाज वाटली, पण बघितली. भाजीचं पातेलं घासलेलं होतं. दादा मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते विचारायचे, “त्या दिवशी दुपारी ती जेवली असेल ना गं?” आणि मी म्हणायचे, “असेल.” मग ते पंख्याकडे बघत बसायचे. या माणसाला आयुष्यभर हा प्रश्न घेऊन पंख्याकडे बघायला लावू नये, एवढंच मला वाटायचं. आणि स्वतःलाही.

परवा शेजारच्या रामकन्या भाभी परत आल्या. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी देपालपूरला गेल्या होत्या. तुमची बातमी त्यांना तिथेच कळली. आल्या त्या एक स्टीलचा डबा हातात घेऊन. आपला डबा, झाकणावर चीर असलेला. रिकामा कसा परत द्यायचा म्हणून त्यांनी त्यात मूठभर नवे गहू घातले होते.

मी विचारलं, “हा तुमच्याकडे कसा?”

“अरे, उस दिन यहीं रह गया था न,” भाभी म्हणाल्या. “कुमुद हर चौथ को डब्बा लेके मेरे यां आती थी. दो फुलके, दाल, सब्जी. केती थी, घर में अकेली बैठती हूँ तो गणपती के सामने कौर मुँह तक नी जाता. तेरे यां बैठ के खा लूँगी.”

“उस दिन भी?”

“उस दिन भी. गिलकी लाई थी.”

वहिनी, दादा आतल्या खोलीत होते, मी त्यांना हाक मारली. भाभींना परत सगळं सांगायला लावलं. दादा भिंतीला टेकून ऐकत होते. त्या दुपारी ते कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

मी मात्र सहजासहजी कशी मानेन? मेलेल्या माणसाच्या घरी लोक चांगलं तेच बोलतात. मी भाभींना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि आडून विचारलं, की मग वहिनी त्या दिवशी इतक्या गप्प का असायच्या? बोलायचं त्राण का नसायचं?

भाभी हसायलाच लागल्या. तोंडावर पदर धरून, रडता रडता हसायला लागल्या. “तेरेको नी पता? केती थी, भाभी, खाना छोड़ने को तो डॉक्टर ने मना कर दिया, तो अपन ने दूसरी चीज छोड़ दी. चौथ को चाँद निकलने तक छोटी को टोकना बंद. एक शब्द नी. मैंने बोला, इसमें क्या है? तो बोली, अरे भाभी, भूख तो कुछ भी नी है इसके सामने. और वो छोटी भी ऐसी है, उसी दिन सबसे ज्यादा सताती है.”

छोटी म्हणजे मी. मी जिन्यावर उभी राहून ते तपासलं. तुम्हाला सांगते, मी सगळ्या बाजूंनी तपासलं. चक्कर यायच्या आधीच्या चतुर्थ्यांना तुम्ही बोलायचात, नंतरच्या चतुर्थ्यांना नाही. उतू गेलेलं दूध, करपलेली भाजी, बिस्किट, ते नाकाने घेतलेले श्वास, आणि चंद्र दिसल्यावरचा भडिमार. सगळं बरोबर बसतं. उपाशी बाईच्या गोष्टीत इतकं बरोबर कधीच बसलं नव्हतं. माझा गेज आत गेला.

मला तुमचा इतका राग आला! सांगायचं होतं ना! नेम बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, म्हणून नाही सांगितलंत? की सांगितलं असतं तर मी मुद्दाम जास्त छळलं असतं, म्हणून? तेही खरंच आहे. मी छळलं असतं. आणि मग मला हसू आलं, तिथेच, जिन्यावर. मी तुमच्या तोंडात बिस्किट कोंबत होते आणि तुमच्या जिभेच्या टोकावर माझ्यासाठी काय काय जमलं असेल! अन्नाचा उपवास करताना तुमच्यासमोर नुसता शेवेचा डबा होता. या उपवासात समोर मी होते, चालती बोलती, हातात फडकं आणि तोंडात प्रश्न घेऊन. हात थांबवणं कितीतरी सोपं असेल, वहिनी.

आज तुम्ही गेल्यानंतरची पहिली संकष्टी. मी उपवास धरला नाही, सकाळी सगळ्यांबरोबर पोहे खाल्ले. पण मनात म्हटलं, बघू तरी हे कितपत जड असतं. आजच्या दिवस अजयला टोकायचं नाही. अजय आंघोळ करून आला, ओला टॉवेल पलंगावर टाकला. मी गप्प राहिले. त्याने चहाचा कप देवघराच्या पायरीवर ठेवला. मी गप्प राहिले, पण कानशिलं तापली. मग त्याने विचारलं, “आज पोहे कमी झाले का गं?” आणि पुढचं मला नीट आठवत नाही. कारखान्याची बस यायच्या आत माझा उपवास मोडला होता. अजय बिचारा विचारत राहिला की झालं काय. तुम्ही मात्र सबंध दिवस काढायचात, आणि तोही माझ्यासमोर.

तरीसुद्धा मी एकदम भाविक होणार नाही. मला अजून वाटतं की हे देवाशिवायही करता येतं. मला अजून वाटतं की पहिला नेम दादांनी धरायला हवा होता. हे सगळं तुमच्याशी भांडायचं राहिलंय, ते मी सोडलेलं नाही. पण एक मान्य करते, म्हणजे आपल्या दोघींत मान्य करते. तुमचा हात डब्याशी थांबायचा तेव्हा मी हसायचे. त्याच थांबण्यातून तुम्ही हे दुसरं थांबणं कमावलंत, आणि ते माझ्यासाठी कमावलंत. त्याबद्दल मला तुमचे पाय धरायला आवडलं असतं. तुम्ही पाय ओढून घेतले असते आणि म्हणाला असतात, “नाटक बंद कर.”

आता एकच राहिलं. अजयने ते मला दिवसकार्य उरकल्यावर सांगितलं. त्या रात्री चंद्र बघून तुम्ही खाली आलात आणि सरळ आमच्या खोलीच्या दाराशी आलात. “झोपली का?” तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, उठवू का? तुम्ही आत डोकावून बघितलंत. मग म्हणालात, “नको. थकून आलीय. उद्या बोलते.”

काय बोलणार होतात? काही गोड असेल असा मला बिलकुल संशय नाही. सगळ्यांच्या देखत तुम्हाला खोटारडी म्हटलं होतं मी, आणि तुम्ही दिवसभराचं सगळं धरून ठेवलं होतंत. मला सोलून काढणार होतात तुम्ही, आणि ते योग्यच होतं. येणारी जाणारी माणसं तुमचं गोड गोड सांगतात आणि मी ऐकून घेते. पण मला हवंय ते हे नाही.

आत्ता गच्चीवर जाऊन आले. आज आभाळ स्वच्छ आहे, चंद्र केव्हाच वर आलाय. ताटं वाढायची आहेत, दादा हाक मारतायत. मी दाराशी बसले आहे, वहिनी, आणि आज मी जागी आहे. बोला.